खाली फ्लॅश

लेकीनं पुण्याहून कॅमेरा पाठवला, तेव्हा मी खोकं उघडून आत पाहिलं आणि सरळ फोन लावला. म्हटलं, "बाई, फसवलं तुला कोणीतरी. जुना माल गळ्यात मारला." ती पलीकडं हसत सुटली. मला राग आला. तीसेक वर्षं फोटोचा धंदा केलेल्या माणसाला कोणी असं हसतं का?

पण चूक माझीच होती. दिसायला तो कॅमेरा हुबेहूब माझ्या पहिल्या कॅमेऱ्यासारखा होता. वरची पट्टी चांदीच्या रंगाची, खाली काळं खरखरीत चामडं, डोक्यावर आकडे कोरलेल्या चकत्या, भिंगाभोवती फिरवायची कडी. शटरच्या बटणात वायर लावायचं भोकसुद्धा तसंच. फक्त अंगानं लहान, सदऱ्याच्या खिशात नाही पण पँटच्या खिशात कसाबसा मावेल एवढा. लेक म्हणाली, "बाबा, आत सगळं नवीन आहे. नुसते कपडे जुने घातलेत त्याला. मिररलेस म्हणतात." मी म्हटलं, "आरसा नाही तर दिसतं कशात?" ती म्हणाली, "डोळा लावून बघा तर आधी."

डोळा लावला आणि चाट पडलो. आमच्या जुन्या कॅमेऱ्यात भिंगातून आलेलं चित्र आरशावरून डोळ्यात यायचं. बटण दाबलं की आरसा खटकन वर जायचा आणि तेवढा क्षण डोळ्यापुढं अंधार. म्हणजे आयुष्यभर मी जे हजारो फोटो काढले, त्यातला नेमका फोटोचा क्षण मी एकदाही पाहिलेला नाही. याच्यात तसं नाही. आत बारीकसा टीव्हीच आहे. उजेड जास्त झाला, कमी झाला, ते फोटो काढायच्या आधीच दिसतं. कोपऱ्यातली चकती एक टिचकी फिरवली की सावळा चेहरा उजळतो, दोन टिचक्या फिरवल्या की भुतासारखा पांढरा होतो. हे जर तेव्हा असतं, तर अर्जुनीच्या किती नवऱ्या मुलींच्या शिव्या वाचल्या असत्या माझ्या!

अर्जुनी-मोरगावात स्टेशनच्या रस्त्यावर माझा स्टुडिओ होता. आता तिथं मुलगा बसतो. लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो, आणि ज्या अंधाऱ्या खोलीत मी फोटो धुवायचो तिथं झेरॉक्सची मशीन घरघरते. मी दिवसभर घरी, त्यामुळं बायको वैतागलेली. भाजीत मीठ का जास्त, नळ का गळतो, यावर मी भांडण काढायचो. कॅमेरा आला आणि ती म्हणाली, "सुटली बाप्पा मी. आता याच्याशीच भांडा."

आणि भांडलोच मी. पहिला आठवडाभर छत्तीस फोटो झाले, म्हणजे जुन्या हिशेबानं रोल संपला, की माझं बोट आपोआप थांबायचं. मागचा, फोटो दिसायचा पडदा मी उलटा करून मिटून टाकायचो, म्हणजे पाठीमागं नुसतं चामडं दिसायचं. धुतल्याशिवाय फोटो पाहायचा नसतो हे हाडात मुरलेलं. आवाज बंद करता येतो हे कळल्यावर तलावाच्या पाळीवर बगळ्यांचे फोटो काढले, एकही उडाला नाही. पण मलाच चैन पडेना. खटका ऐकू आला नाही तर फोटो निघाला असं वाटतच नाही. शेवटी लेकीला फोन करून तो नकली खटक्याचा आवाज चालू करून घेतला. ती म्हणाली, "लहान लेकराचं खेळणं झालं हे तुमचं." म्हटलं, "झालं तर झालं." खरं सांगतो, इतका सुखात मी कित्येक वर्षांत नव्हतो.

याच्यात एक गोष्ट मात्र नाही. फ्लॅश. लेक म्हणाली, गरजच नाही, अंधाऱ्या खोलीतसुद्धा नीट फोटो येतो. ते ऐकून मला मनातल्या मनात बरं वाटलं. का ते तिला सांगितलं नाही. बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

ते आता सांगतो.

लग्नात फोटोवाल्याच्या मागं माणसं लागायची. "आमचा एक काढ ना गा." रोलमध्ये फोटो मोजून छत्तीस. लग्नघरचा माणूस आधीच दम देऊन ठेवायचा, की आमच्याच माणसांचे काढ, रोल उधळू नको. नाही म्हणावं तर पाहुणे रुसणार, हो म्हणावं तर वरातीला रोल उरणार नाही. यावर आमच्या धंद्यात एक तोड होती. फ्लॅशच्या पाठीमागं तो तपासायचं एक बारीक बटण असतं. डोळा कॅमेऱ्याला लावायचा, "रेडी" म्हणायचं, बोट शटरवर नुसतं टेकवायचं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं ते मागचं बटण दाबायचं. लख्ख उजेड पडायचा. माणसं खूश, रोल शाबूत. बँडच्या आवाजात खटका झाला की नाही कोण ऐकतो? याला आम्ही खाली फ्लॅश म्हणायचो. खाली म्हणजे रिकामा. गोंदियाकडची आमची मराठी अशीच हिंदीत भिजलेली. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्या उस्तादांनी हे मला फोकस करायच्या आधी शिकवलं होतं. बहुतेक लोक तो फोटो मागायला येतच नसत. उजेड पडला, तेवढ्यानंच त्यांचं मन भरायचं.

एक बाई आली.

माझा स्टुडिओ तेव्हा नवाच होता. केशोरीला एक मोठं लग्न होतं. संध्याकाळी मंडपात एक तरुण नवरा-बायको माझ्यासमोर येऊन उभे राहिले. नवरा लाजत होता, बायको धीट. तिनं आपल्या आईला हाताला धरून ओढून आणलं आणि दोघांच्या मधे उभं केलं. आई नको नको म्हणत होती. कपाळ मोकळं होतं तिचं, नवरा गेलेला. बाजूची कोणी बाई बोललीच, "जोडप्याच्या मधात कायले उभी करतेस वो तिले?" पोरीनं ऐकलं नाही. मला म्हणाली, "काढ गा भाऊ." माझ्याजवळ शेवटच्या रोलमध्ये चार फोटो उरले होते आणि वरात बाकी होती. मी डोळा लावला, रेडी म्हटलं, आणि अंगठ्यानं मागचं बटण दाबलं.

पंधरा दिवसांनी ती धीट पोरगी अर्जुनीला माझ्या दुकानात आली. म्हटलं, अजून धुवायचे आहेत. महिन्यानं पुन्हा आली. म्हटलं, पुढच्या खेपेला. तिसऱ्यांदा आली तेव्हा गिऱ्हाईक बसलं होतं, मी वैतागलो आणि म्हणालो, "बाई, तो रोल जळला. खराब निघाला. काय करू?" ती वळली. पायरीवर थोडा वेळ थांबली आणि निघून गेली. मला सुटल्यासारखं वाटलं. धंद्यात असं चालायचंच, असं मी स्वतःला सांगितलं. पण ते पायरीवरचं थांबणं डोक्यातून गेलं नाही. फ्लॅश हातात घेतला की कधीकधी ती बाई आठवायची.

यंदा दिवाळी झाली, धान कापून झाला आणि गावोगावच्या मंडया सुरू झाल्या. मंडई म्हणजे आमच्याकडची जत्राच. दंडार नाचतात, उसाचे भारे, शिंगाडे, जिलेबी, पाहुण्यांनी घरं भरलेली. मी बायकोला म्हटलं, केशोरीच्या मंडईत जाऊन फोटो काढून येतो. ती म्हणाली, "जा बाप्पा, दोन दिवस राहिले तरी चालते."

कॅमेरा गळ्यात घालून मी जिलेबीच्या कढईचा फोटो घेत होतो. कडी फिरवून मागची गर्दी धूसर केली, वाफ तेवढी स्पष्ट ठेवली. मोठा मजेत होतो. एवढ्यात मागून कोणीतरी माझ्या दंडाला धरून फिरवलं.

"का गा, तू अर्जुनीचा फोटोवाला ना?"

पिकल्या केसांची बाई. मी तिला ओळखलं नाही, पण तिची नजर माझ्या तोंडावर नव्हतीच. कॅमेऱ्यावर होती. "हाच तो कॅमेरा," ती म्हणाली. "मी म्हटलं ना, पाहिल्यासारखा वाटते. ह्यानंच आमचा फोटो काढला होता तुनं, तो रोल जळला तो." आणि मग मी तिला ओळखलं. वाटलं, लेकीनं चांगला आजच्यासारखा दिसणारा कॅमेरा घेतला असता तर काय बिघडलं असतं!

"हा तो नाही, बाई. नवीन आहे," मी म्हटलं.

"मले शिकवतेस? माये डोरे गेले नाईत अजून." म्हणजे डोळे. ती मला सोडायला तयार नव्हती. "चाल घरी. मंडईचा पाहुना हाये, चहा पिल्याशिवाय कसा जाशीन?"

पळून जावं असं वाटलं, पण पाय तिच्या मागं निघाले. घराच्या अंगणात कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले, त्यांतल्या एकाला टेकून तिचा नवरा बसला होता. तेव्हाचा तो लाजरा पोरगा आता टक्कल पडलेला म्हातारा, पण लाजणं तेच. ओसरीवर एक बाई सुपात लसूण सोलत होती, मोकळ्या कपाळाची. "मायी जाऊ हाये," घरधनीण म्हणाली. "दीर वारले दोन वर्षं झाले."

ओसरीच्या भिंतीवर फोटो होते. सासू-सासरे, मुलाचं लग्न, नातवंडं. कडेला एक खिळा नुसताच ठोकलेला होता. माझी नजर तिथं गेलेली तिनं पाहिली.

"तो मायचा," ती म्हणाली. "आखरीले माय माझ्यापाशीच राहत होती. पन तिचा फोटोच नाई."

"एकही नाही?"

"आधार कार्डावर हाये ना. तो पाहून पाहा, मानूस हाये का गाठोडं हाये थे समजत नाई." नवरा हसला, तीही हसली. मग गंभीर झाली. "तिनं काढूच देला नाई. तू म्हटलं रोल जळला, तर सारे म्हनाले, जोडप्याच्या मधात नवरा मेलेली बाई उभी केली, जळनार नाई तं काय होईन? मायनं थे धरूनच घेतलं मनात. पोराच्या लग्नात, नातवाच्या बारशात, कॅमेरा निघाला का माय मागच्या दारानं वाडीत. मी म्हनो, चाल ना माय. थे म्हने, नको वो, माझ्यापायी त्या बिचाऱ्या फोटोवाल्याचा पुरा रोल गेला. गरीब पोरगा, नवीन दुकान त्याचं."

मी चहाचा कप खाली ठेवला. मला वाटत होतं, मी एक फोटो दिला नाही, एवढंच. आणि इकडं एक बाई आयुष्यभर मागच्या दारानं जात राहिली, वर माझी कीव करत राहिली. लाज वाटली. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. आता नाही बोललो तर उठून जायलाही तोंड राहणार नाही, हे कळत होतं. आणि बोललो तर या घरातून मार खाऊन जावं लागेल असंही वाटत होतं.

"बाई," मी म्हटलं, "रोल जळलाच नव्हता."

"मंग?"

"फोटो काढलाच नव्हता मी. नुसता फ्लॅश मारला होता. खाली."

तिला कळेना. मग मी सगळं सांगितलं. मागचं बटण, अंगठा, उरलेले चार फोटो, वरात. हाताची खूण करून दाखवली. तिचा नवरा पुढं सरकून ऐकत होता. जावेच्या हातातला लसूण तसाच राहिला. माझं बोलणं संपलं.

मग ती सुटली.

"आग लागो तुझ्या कॅमेऱ्याले! तीन खेपा आली मी तुझ्या दारात, उन्हातानाची. तोंड होतं ना तुले? काढला नाई म्हनाले काय होत होतं? काऊन नाई सांगतलं? माय मरेपर्यंत तुझ्या रोलासाठी रडली, आन् तू तिकडं रोल वाचवून बसला! मानूस हायेस का कोन हायेस तू?" अजून बरंच बोलली. मी खाली मान घालून ऐकलं. घरी कोणी निम्मं बोललं असतं तर मी ताट फेकलं असतं. इथं मात्र प्रत्येक शब्द मला लागू होता.

ती उठली आणि तरातरा घरात गेली. मी पिशवी उचलली. नवरा म्हणाला, "बसा. तिचं झालं का येते थे."

मग ती आली, पदरानं तोंड पुसत. डोळे लाल होते. माझ्यासमोर खाली बसली आणि एकदम हळू आवाजात विचारलं, "म्हनजे मायचं काईच नव्हतं त्याच्यात?"

"काहीच नव्हतं. सगळं माझं होतं."

"माय उभी नसती तरी तू तसंच केलं असतं?"

"तसंच केलं असतं. राजा येऊन उभा राहिला असता तरी."

"मायचं काईच नव्हतं," ती नवऱ्याकडं वळून म्हणाली. मग जावेकडं पाहून पुन्हा तेच म्हणाली. मग रिकाम्या खिळ्याकडं पाहिलं. तिचा चेहरा सैल झाला, आणि माझ्याही छातीवरचं काहीतरी उतरलं. एवढं सोपं होतं तर मी इतकी वर्षं काय केलं, असं वाटून स्वतःचा संतापही आला.

"आता काढ," ती म्हणाली. "आन् ध्यान देऊन काढ. खाली नको मारू."

तिनं नवऱ्याला उठवून पुंजण्यापुढं उभं केलं, स्वतः बाजूला उभी राहिली. शेजारची दोनचार माणसंही कुंपणाशी जमली होती. कॅमेरा दिसल्याबरोबर जाऊ उठली होती. लसणाचं सूप उचलून ती गुपचूप मागच्या दाराकडं निघाली होती. कोणी तिला जा म्हटलं नव्हतं.

"तू कुठं चालली वो?" घरधनीण ओरडली.

"येतो ना मी. तुमचं होऊ द्या. कायले खराब करता फोटो?"

"इकडं ये. मधात उभी राय."

"नको वो बाई. लोकं पाहून राहिले."

"पाहू दे! फोटो कोन खराब करते, थे आजच समजलं आपल्याले. खराब करनारा हा बसला हाये, विचार त्याले."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. कुंपणापलीकडच्यांनीही. मी मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "खरं आहे. माझ्यामुळं खराब झाला होता. यांच्या आईमुळं नाही. कोणी मधे उभं राहिल्यानं फोटो खराब होत नाही."

घरधनिणीनं जावेच्या हातातलं सूप काढून घेतलं, तिला मनगटाला धरून आणलं आणि नवऱ्याच्या आणि आपल्या मधे उभं केलं. मी डोळा लावला. हा कॅमेरा चेहरे आपणच शोधतो, डोळ्यावर बारीक चौकट बसवतो. सगळ्यात आधी ती जावेच्या डोळ्यावर बसली. उजेड कमी होत आला होता, मी चकती एक टिचकी फिरवली. माझा अंगठा सवयीनं कॅमेऱ्याच्या मागं गेला, पण तिथं तसलं बटणच नव्हतं. शटर दाबलं. खटका झाला.

"उजेड नाई पडला," घरधनीण लगेच म्हणाली. "पुन्हा खाली मारला का रे?"

मी मागचा पडदा उघडला आणि कॅमेरा तिच्या हातात दिला. तिघं त्याच्यावर वाकली. नवरा म्हणाला, "आला ना." घरधनिणीनं पडद्यावर बोट न लावता, थोडं दूर धरून, मोजल्यासारखं एकेकाला दाखवलं. "हा तू. हे मी. आन् हे पाहा, तू."

जावेनं कॅमेरा तिच्याकडून घेतला आणि डोळ्यांजवळ धरला. खूप वेळ ती पाहत राहिली. कॅमेरा परत देताना तिनं तो दोन्ही हातांनी दिला, पण दाराकडं गेली नाही. पदर नीट केला आणि आपणहून पुन्हा मधे जाऊन उभी राहिली.

"अजून एक काढ ना गा भाऊ," ती म्हणाली. "त्याच्यात हासाचं राहून गेलं माझं."